व्याह्यांचा भोपळा

...नाही, मला सांगा, बियरमध्ये भोपळा घालतात का? भोपळा! तुम्हाला सांगतो, अख्खं विस्कॉन्सिन सोडा, पण आमच्या गावात तरी हार्लन व्होग्टची, म्हणजे माझी, शरदातली बियर म्हटलं की लोक रिकामा पेला घेऊनच दारात उभे राहतात, आणि यंदा तर आमच्या लोर्नाचं लग्न, ऑक्टोबरात, आणि पोरगी म्हणाली, "पप्पा, विकतची नको, तुमच्या हातचीच हवी!" छाती अशी फुगली, शर्टाचं बटण तुटायचं बाकी! लगेच ठरवून टाकलं, खरपूस भाजलेल्या माल्टची, म्हणजे मोड आलेल्या जवाची, तपकिरी, वर साईसारखा फेस... तोवर आमचे होणारे व्याही, डेल्मार टेश, खांद्यावर हा एवढा भोपळा घेऊन गॅरेजात हजर! "हार्लन, हा घाल." म्हटलं, "कशात?" म्हणे, "बियरमध्ये!" अरे बाबा, बियर आहे ती, भाजी नव्हे!

तर आमची इर्मा, सख्खी बायको, तीही फितूर! "दालचिनी घाल की, जायफळ घाल, काय सुंदर वास येईल!" अगं, प्यायची आहे ती, ओव्हनमध्ये घालायची नाही! लोर्ना म्हणते, "दोन्ही करा ना, पप्पा." दोन्ही? भांडं एक, पिंप एक, आणि बाप एक!

मग मी व्याह्यांना नीट समजावलं. म्हटलं, "डेल्मार, लोकांना लागते ती दालचिनीची चव. भोपळ्याची स्वतःची चव किती? भोपळा!" आणि हसलो... मी एकटाच. हा एवढा दांडगा माणूस, ट्रॅक्टरवर ओरडला की गाई दूध द्यायच्या थांबतात, तो उपड्या बादलीवर बसला आणि हळूच म्हणाला, "चव नाही लागली तरी चालेल रे. याचं बी आर्डिसनं राखून ठेवलं होतं, जायच्या आधी. पोराच्या लग्नाला यायचं होतं तिला."

आर्डिस म्हणजे त्याची बायको, देवाघरी गेलेली. इर्माला एकदम कसली तरी भांडी घासायची आठवली. मी म्हटलं, "सुरी दे."

फोडी केल्या, कडा करपेपर्यंत भाजल्या, माल्टमध्ये ढकलल्या... आणि चाळण बुजली! ठार! दोघे व्याही कोपरापर्यंत केशरी लगद्यात, आणि हा मलाच म्हणतो, "हार्लन, भाजी झाली रे!" पण दालचिनी? चिमूटभरसुद्धा घालू दिली नाही, सांगून ठेवतो!

आणि काय बियर उतरली! लग्नात डेल्मार स्वतः पिंपाशी उभा, एकेकाचा पेला भरतोय, "आमच्या आर्डिसचा भोपळा आहे यात!" लोर्नानं पहिला घोट घेतला, पेला ठेवला आणि सासऱ्याला घट्ट मिठी मारली. ही माझी पोरगी बरं का! मी शेजारीच उभा होतो... डोळ्यांत फेस गेला असावा.

नाच सुरू व्हायच्या आत पिंप कोरडं! एकाच्याही जिभेला भोपळा लागला नसणार, पैजेवर सांगतो, पण जो तो म्हणतोय, "वा हार्लन, भोपळा काय उतरलाय!" आता रोज सकाळी दार उघडावं तर पायरीवर कोणीतरी भोपळा ठेवून गेलेलं. सांगून थकलो, लोकहो, बियर आहे ती, भाजी नव्हे! ऐकतंय कोण? गाडी बाहेर दवात भिजतेय, भोपळे आत गॅरेजात उबेत. काय करणार... तुमच्यापैकी कोणाकडे याहून मोठं पिंप असेल तर सांगा हो!