प्लास्टिक निघालं तेवढं आपलं

नाही नाही, त्या सोफ्यावर नको, घसराल. प्लास्टिक आहे ना त्याच्यावर. इकडे या, या लाकडी खुर्चीवर बसा, ही आमची आहे. म्हणजे तशा सगळ्याच आमच्या, पण ही जरा जास्त आमची. आणि गाडीचं तर मी तुम्हाला दारातच सांगितलं भाऊ — गाडी नाही. हे घेऊन गेलेत. लांबचं भाडं मिळालं, चार दिवस काही येत नाहीत — आठ म्हणा. तुम्ही असं करा, कार्ड ठेवून जा, आले की देते त्यांना. तुम्हालाही घाई असेल, वसुलीवाल्याला काय एकच घर असतं? पाणी तेवढं घ्या आणि निघा. एवढ्या उन्हातून आलात, तसंच घालवलं तर उद्या तुम्हीच म्हणाल, हप्ता नाही तो नाही, त्या घरात पाणीही नाही.

फ्रीजमधलं चालेल? हा फ्रीज आमचा. बघा, आहे कुठे त्याच्यावर काही? आमच्या घरात सासूबाईंचा कायदा आहे — शेवटचा हप्ता जाईपर्यंत वस्तूवरचं प्लास्टिक काढायचं नाही. प्लास्टिक आहे तोवर ती दुकानदाराची, आपण नुसते सांभाळणारे. शेवटचा हप्ता भरून आलं की त्या स्वतः कात्री घेतात, आम्हाला हात लावू देत नाहीत, आणि ते निघालेलं प्लास्टिक घडी करून कपाटावर. कशाला ठेवता म्हटलं, तर म्हणाल्या, एवढंच त्यांनी खरं फुकट दिलं. फ्रीजचं काढलं तेव्हा आतला दिवा बंद पडला होता. हो, हप्ते आणि दिवा, दोघं एकाच सुमाराला संपले. पण काढलं हो, थाटात काढलं. सोफ्याचं अजून आहे. वॉशिंग मशीनचं आहे. टीव्हीच्या रिमोटचं आहे, त्यातून आवाज वाढवायचं बटण दाबायला अंगठा दुखतो — तुमच्यासारख्याचं काम सोपंच की, दारात उभं राहून एक नजर फिरवली की कळतं, काय उचलता येईल आणि काय नाही. हे मी सांगायला नको होतं, नाही का? जाऊ द्या, तुम्हाला दिसलंच असतं.

गाडीतही तसंच. सगळ्या सीटांवर प्लास्टिक. बसणारं गिऱ्हाईक म्हणतं, अहो काढा की हे, किती वाजतं. आमचे हे म्हणतात, गाडी माझी नाही अजून. गिऱ्हाईक घाबरतं — चोरीची आहे की काय. ह्यांना बोलायचं भान नाही. आणि उकाड्यात तर विचारू नका, आज जेवण झाल्यावरच सासूबाई म्हणाल्या, त्या सीटला पाठ चिकटते गं माझी, एखादी चादर तरी दे — म्हणजे आज नाही. मागे. मागे कधीतरी म्हणाल्या होत्या. आज कशा म्हणतील, त्या तर माझ्या नणंदेकडे गेल्यात, परवापासून. अजून पाणी देऊ?

गाडी घेतली कशी, ते ऐकण्यासारखं आहे. नाही, तुम्ही ऐकाच, तुम्ही फक्त शेवटाला येता, सुरुवात तुम्हाला कोण सांगणार. आम्ही गेलो होतो, सासूबाई धरून तिघं, जुनी, साधी गाडी बघायला. भाड्याने चालवायची तर कशाला हवी नवी. शोरूममध्ये एक जण आहे, आम्ही त्याला साखऱ्या म्हणतो, इतका गोड बोलतो की आपल्याच दाताला कीड लागावी. ह्यांनी विचारलं, किंमत किती? तो म्हणाला, दादा, किमतीचं सोडा, महिन्याला किती झेपेल ते बोला. हे म्हणाले, एवढं झेपेल. त्याने यंत्रावर टकटक केली आणि हप्ता निघाला बरोब्बर तेवढाच. मला वाटलं, काय योग आहे बघा, जणू आमच्यासाठीच गाडी बनवलीय. मी कोथिंबिरीची जुडी घेताना चार ठिकाणी फिरते हो. चार ठिकाणी. आणि गाडीला विचारलं नाही, की हप्ता एवढाच ठेवलास तर वर्षं किती वाढवलीस, आणि व्याज कुठल्या दराने. दुसऱ्या कुणाकडून कर्ज काढू का म्हटलं, तर म्हणाला, वहिनी, ते लोक दहा कागद मागतील, मी तुमच्या चेहऱ्यावर देतो. चेहऱ्यावर. मला बरं वाटलं, काय सांगू.

मग वरून एकेक चढत गेलं. खालून गंज लागू नये म्हणून लेप, तो घ्यावाच लागतो. फाईलचा खर्च. हाताळणीचा खर्च. कसली हाताळणी, मी विचारलं. तर म्हणतो, वहिनी, गाडी हाताळावी लागते ना. किल्ली द्यायला मखमलीची डबी, फोटोपुरती हातात दिली, फोटो झाल्यावर परत घेतली, आणि तिचेही धरलेत. ह्यांच्या कपाळावर घाम. उठतातच आहेत असं दिसल्यावर साखऱ्याने टेबलाखालून मिक्सर काढला. म्हणाला, आईंसाठी. फुकट. झालं, सासूबाईंची मान डोलली. बाईमाणसाला आपणहून कुणी काही दिलंय का कधी, आणि हा आई म्हणून देतोय. बसा रे, म्हणाल्या ह्यांना.

तो बघा मिक्सर, खिडकीत. प्लास्टिकसकट. कारण तो फुकट नव्हताच, तोही कर्जात घातलेला. बाजारात त्याच मिक्सरची किंमत बघितली — साखऱ्याने लावली त्याच्या तिसरा हिस्सा, आणि वर गाडीएवढंच व्याज, गाडीएवढीच वर्षं. हे जाऊन भांडले. फुकट म्हणाला होतास. साखऱ्या शांत. म्हणाला, दादा, फुकट म्हणजे आज फुकट. आज काही द्यावं लागलं का तुम्हाला? मिक्सर पुढच्याच वर्षी जळला. धूर आला, वास आला, संपला. हप्ते चालूच. माणूस गेलं की निदान त्याची औषधं तरी बंद होतात. मी तर म्हणते, काही न्यायचंच असेल तर आधी मिक्सर न्या, तोही त्याच कर्जातला आहे. पिशवी देते. नको? कोणालाच नको.

नाही हो, हप्ते बुडवायचे म्हणून बुडवले नाहीत. पहिली वर्षं एक चुकला नाही, विचारा हवं तर. मग इंजिनाचं काम निघालं, एक चुकला. त्याला दंड लागला. पुढचा भरला तर तो आधी दंडात गेला, म्हणजे तोही चुकला. त्याच्यावर दंड. विहिरीतून बादली काढायला दुसरी बादली टाकावी आणि तीही आतच राहावी, तसं. आणि आता तुमची माणसं चौकात उभी. गाडी दिसली की ओढून नेतात. मग गाडी बाहेर काढायची नाही, काढली नाही तर भाडं नाही, भाडं नाही तर हप्ता नाही, आणि हप्ता नाही म्हणून चादरीखाली — म्हणजे असं होईल, असं हे म्हणत होते. जाण्याआधी. चादर वगैरे कुठे आलीय. ती तिकडे मागे दिसतेय ना, ती शेजारच्या शिवणवाल्या वहिनींची. त्या शिवतात ना, त्यांचे तागे असतात, झाकून ठेवतात. मोठे तागे असतात.

डबा? तो होय. तो ह्यांचा, द्यायचा राहिला. आज सकाळी घाईत — हं.

बरं, ऐका. लांबच्या भाड्याला नाही गेलेत. आता डबाच बघितलात तर काय. त्याच शोरूममध्ये लागलेत. तुम्ही बघितलंही असेल त्यांना, निळे गमबूट, मागच्या बाजूला गाड्या धुतात. साखऱ्यानेच लावून दिलं, तसा वाईट नाही तो, त्यालाही महिन्याला इतक्या गाड्या खपवाव्याच लागतात, नाही तर तोच घरी. पहिल्या दिवशी हे घरी आले, जेवले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मला वाटलं, लाज वाटत असेल. चार वेळा विचारलं तेव्हा बोलले. म्हणाले, आज मला काम काय दिलं माहितेय? जुन्या गाड्या येतात ना, त्या धुवायच्या, सीटा पुसायच्या, आणि त्यांच्यावर नवं प्लास्टिक चढवायचं. म्हणजे घेणाऱ्याला वाटतं, कुणी बसलंच नाही आजवर. दिवसभर तेच केलं, म्हणाले. हात बसला.

मी त्यांना म्हटलं, हे सासूबाईंना सांगायचं नाही. बोलायचंच नाही. त्या बाई कात्रीला धार लावून बसल्यात हो, गाडीचं प्लास्टिक काढायला. तुमच्या कामात असलं काही ऐकायला लागत नसेल, नाही? की लागतं? राहू द्या, नका सांगू. बरंच आहे, या घरात बोलणारी मी एक पुरे आहे.

चहा घ्याल ना? ठेवलाच आहे मी, आता उकळलाही. नाही कसं म्हणता, चार वाजत आले, या वेळेला आमच्याकडे — अगबाई. चार. नाही, मग राहू द्या. तुम्हाला उशीर होईल. माझी सवय वाईट, माणूस उठायला लागलं की मी गोष्ट काढते. उठा तुम्ही भाऊ, खरंच उठा, कार्ड ठेवा तिथे मिक्सरवर, ह्यांना सांगते, पुढच्या आठवड्यात येऊन भेटतील, चप्पल ती तुमचीच ना, या, या आता —

कुणाचा तरी हॉर्न आहे. रस्त्यावरचा.

रस्ता तिकडे आहे, हो. माहितेय मला रस्ता कुठे आहे.

परत वाजला. दोनदा आखूड.

…

तीन कप काढले होते मी. एक सासूबाईंचा. साखर नसलेला.

साखऱ्यानेच सांगितलं होतं ह्यांना, चहा पिताना — गाडीत माणूस बसलेलं असलं की ओढून नेत नाहीत. खरंय का ते? तुम्हाला माहीत असणार. आम्ही खरं धरून चाललो. जेवण झालं की उशी, चष्मा आणि पंखा घेऊन जातात त्या, वहिनींच्या मागच्या अंगणात, चादरीचं एक टोक वर करून आत शिरतात आणि अंधार पडेपर्यंत बसतात. चहा हवा असला की हॉर्न. मीच म्हटलं होतं, हाका मारू नका, शेजारपाजार आहे, हॉर्न वाजवा. एवढी हुशार मी.

नाही, हात नाही जोडणार मी. तुमचं काम तुम्ही करा. किल्ली ती दाराच्या मागे खिळ्याला आहे, तुम्ही मघाशीच बघितलीत, मीही बघितलं तुम्ही बघताना. फक्त ती लावायच्या आधी त्यांना उतरवावं लागेल, ते तुमच्याकडे. घ्या, हा कप धरा. दोन्ही हातांनी धरा, भरलाय. जाताना बशी विसरू नका, त्या बशीतच पितात. आणि गाडीत डोकवाल तर चपला बाहेर, आत प्लास्टिक आहे. उतरा म्हणावं सरळ. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांना बसल्या जागेवरून उठवायचा प्रयत्न करतेय भाऊ. तुम्हाला जमलंच, तर येताना मलाही सांगून जा, कसं जमवलं ते. जा, निवतोय तो.