आबाचं खडप

नाही हो, होडी आहे, होडी का नसेल — ती काय, माडाला बांधलेली, निळी — इंजिनपण ठीक आहे, सकाळीच चालू करून बघितलं. पण तुम्ही ज्या जागेचं म्हणताय ना, तिथे मी नाही जात. दाखवा बघू परत तो फोन. हां. 'लवू पॉइंट'. लवू म्हणजे मीच. नाव मी नाही दिलं, कुणी दिलं देव जाणे, पण जागा बरोबर दाखवलीय — अगदी खडपाच्या डोक्यावर टाचणी टोचलीय. बसा, ओट्यावर बसा, ऊन आहे. ती गाडीपाशी उभी आहे ती तुमची मुलगी ना? तिलापण बोलवा की सावलीत. नको? बरं, असू दे.

खडप म्हणजे पाण्याखालचा खडक. वरून काही म्हणता काही दिसत नाही, सगळीकडे सारखंच पाणी. माझ्या आजोबांना सापडलं, म्हणून घरात आबाचं खडप — घरात म्हणजे काय, दोघांतच. ज्याला माहीत तो, आणि ज्याला सांगायचं तो. आमच्यात रीतच आहे तशी. दर घराची एखादी जागा असते समुद्रात आणि ती कुणी कुणाला सांगत नाही — सख्ख्या भावाला नाही, बायकोला नाही. विचारलंच कुणी तर खुशाल खोटं सांगायचं, आणि विचारणाऱ्यालापण माहीत असतं की हा खोटं सांगतोय, त्यात राग नसतो. आपल्या एका पोराला सांगायचं, तेपण घरात बसून नाही. होडी तिथे न्यायची, इंजिन बंद करायचं आणि दाखवायचं. मी चौदा वर्षांचा होतो. बाबांनी माझी हनुवटी धरून मान किनाऱ्याकडे फिरवली — चर्चचो क्रूस वडार बसलो? — बसलो. मग दुसरीकडे फिरवली — आता हकडे बघ, बुरूज डोंगराच्या खाचेत इलो? — इलो. मगे आता तू माझ्या पायाखाली बघ. बस्स. एवढंच. दोन खुणा जुळल्या की खाली खडप. परत कधी बोलले नाहीत त्याबद्दल. बाबांच्या हाताला माशांचा वास होता, तो अजून आहे माझ्या हनुवटीला. हसू नका, खरंच सांगतो.

मला एकच मुलगी. दिव्या. पुण्याला असते, कंपनीत. नाही, लग्न नाही अजून. तिची आई, किशोरी, जाऊन चार वर्षं झाली. आता मी आणि हे मांजर, आणि मांजरपण जेवणापुरतंच येतं. तर दिव्या दहा वर्षांची असेल, मी होडी ढकलत होतो, ती पुळणीवरून धावत आली — बाबा, माका पण घेवन चल. मी घाईत. पाणी उतरत होतं, खडपावर वेळेत पोचायचं होतं. मी बोललोसुद्धा नाही. हातानंच केलं असं — घरी जा. तिनं आणखी दोनदा विचारलं असेल त्या वर्षात. दोन्ही वेळा हातच. मुलगी होडीवर कशाला, लोक काय म्हणतील, हे सगळं होतंच मनात, खोटं कशाला सांगू. मग तिनं विचारणं सोडलं. मला वाटलं, बरं झालं, समजूतदार आहे पोर.

मग गेल्या वर्षी, दिवाळी होऊन गेलेली, तिचा फोन. एरवी रविवारी येतो, हा बुधवारी आला, म्हणून मी घाबरलोच. तर म्हणते, मालवणात हॉटेलच्या हॉलमध्ये चर्चासत्र आहे, खाऱ्या पाण्यातली गळाची मासेमारी, एका दिवसाचं, मी माझं नाव घातलंय आणि तुझंपण घातलंय, चल माझ्याबरोबर. मी म्हटलं, अगो, मी काय शिकू तिथे, मी जन्मभर तेच केलं. म्हणाली, तू शिकू नको, माझ्या बाजूला बस. — बाजूला बस म्हणाली. मी दोन दिवस आधी शर्टाला इस्त्री करून आणली. तिला आणायला कुडाळ स्टेशनवर गाडीच्या आधी तासभर जाऊन बसलो. एवढा आनंद मला — लग्नातपण झाला नसेल, किशोरी, ऐकत असशील तर माफ कर बाई.

हॉलमध्ये अशी थंडी की माझे गुडघे धरले. साठ-सत्तर माणसं, सगळी बाहेरची, तुमच्यासारखी, चांगली माणसं. शिकवणारा होता तो पन्नास खिशांचं जाकीट घातलेला. रॉड, रीलं, प्लास्टिकचे मासे — काय एकेक रंग, खरा मासा लाजेल. म्हणाला, मासा पकडायचा, फोटो काढायचा आणि हळूच परत सोडायचा. माझ्या आईला हे कळलं असतं तर तिनं त्याची दृष्ट काढली असती. पण चुकीचं नव्हतं हो सांगत तो, भरतीचं, वाऱ्याचं बरोबर सांगत होता. दिव्या सगळं वहीत उतरवत होती, शाळेत बसायची तशी, मान वाकडी करून. मग गाठी मारायला लावल्या. हिची गाठ सुटायची, परत मारायची, परत सुटायची. मी टेबलाखालून तिच्या हातातला तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, घेतला, बोटाला थुंकी लावली आणि गाठ ओली करून आवळली. नायलॉन ना, कोरडा आवळला की तो तापतो आणि जीव सोडतो. तिनं ओढून बघितली. नाही सुटली. माझ्याकडे बघून हसली. साहेब, एवढ्यावर कार्यक्रम संपवायला पाहिजे होता त्यांनी.

तर तो जाकीटवाला विचारतो, इथले कुणी जुने जाणकार आहेत का. आणि दिव्यानं हात वर केला — माझे बाबा. मोठ्यानं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, माझ्या हातात माईक दिला. मोठी तांबोशी कुठे मिळते विचारलं. मी म्हटलं, मिळते खडपात. कुठल्या खडपात? मी नुसता हसलो. तेवढ्यात मागून कुणीतरी बोलला, हे लोक कधी खरं सांगत नाहीत, खोट्याच जागा दाखवतात. माणसं हसली. आता ते खरंच होतं, त्यात अपमान कसला, आमच्या वाडीत कुणी बोललं असतं तर मीपण हसलो असतो. पण बाजूला पोर बसलेली. तिनं एवढ्या अभिमानानं हात वर केलेला, आणि तिच्या बापाला साठ माणसं लबाड म्हणतायत. आणि तिच्यासमोर, तिच्याकडे बघत, मी आता खोटी जागा सांगायची? मला नाही जमलं. मी सांगितलं. क्रूस वडावर, बुरूज खाचेत. माईकवर. दोन वाक्यं. तीन पिढ्यांचं तोंड शिवलेलं, ते मी दोन वाक्यांत उसवलं. सगळ्यांचे फोन बाहेर आले, जाकीटवाल्यानं पडद्यावर नकाशा लावला, ही इथे का काका, हो इथेच, आणि टाळ्या. काय टाळ्या. मी बसलो आणि दिव्याकडे बघितलं, म्हटलं, खूश असेल.

तिनं वही मिटलेली होती.

दुपारचं जेवण तिथेच होतं, चिकन होतं, समुद्राच्या कार्यक्रमाला चिकन. ती जेवली नाही. प्रमाणपत्रं मिळाली दोघांना, माझं ते बघा भिंतीवर, तिचंपण इथेच आहे, नेलं नाही तिनं. मी स्कूटर चालवतोय, ती मागे. मी आपला बडबडतोय — बघलंस कशे टाळये वाजवले, बघलंस. देवबागचा फाटा गेला, बाजार गेला, माझं चालूच. घर आलं, उतरली, आणि इथेच, तुम्ही बसलाय ना तिथेच टेकली आणि म्हणाली, "बाबा, मी तुका ही जागाच इचारूक इल्लंय. उद्या तुझ्या होडयेर बसान. म्हटलां, रॉड धरूक शिकान, मगे तुका नाय म्हणूक येवचा नाय."

तेवढंच. चिडली नाही, रडली नाही. मी म्हटलं, चल, आता चल, अजून उजेड आहे, मी दाखवतो तुला. तर म्हणाली, काय दाखवणार, पडद्यावर बघितलं मी. दुसऱ्या दिवशी राहणार होती, ती सकाळचीच गाडी धरायची म्हणून रात्रीच बॅग भरून बसली. पुढच्या रविवारी मी होडी घेऊन गेलो तर खडपावर नऊ बोटी, नांगर टाकून, गाणी लावून. मी लांबूनच वळवली. त्यानंतर गेलो नाही. माशांचं काही वाटत नाही हो, मासे काय, दुसरीकडे मिळतात, पोट भरतं. पण माझ्याकडे त्या पोरीला द्यायला एकच गोष्ट होती. घर जुनं आहे, होडी मोडेल. ती एकच गोष्ट होती, आणि तिला ती पाहिजेपण होती, आणि मी ती वाटून टाकली, तिलाच खूश करायला. गणपतीला आली, दीड दिवस. आरती केली, मोदक केले. पुळणीवर काही उतरली नाही. रविवारी फोन येतो — जेवलास? जेवलंय. तू? मीपण. मग ठेवतो दोघंपण.

तुम्हाला कशाला सांगतोय मी हे. तुम्ही आपले चार तास मजा करायला आलेले. तुम्ही सिद्धेशकडे जा, चुलतभाऊ माझा, तिसरं घर, तो नेईल तुम्हाला त्या जागेवर, रोज नेतो, रॉडसुद्धा आहेत त्याच्याकडे. की माझ्याबरोबर येता? दुसऱ्या ठिकाणी नेतो, खाडीच्या तोंडाशी. तिथे चोणक लागतो कधी कधी. चला, येता? मलापण जरा — नाही, कंटाळा असा नाही, पण बरं वाटेल. तंगूस घेतो, तुम्ही चपला इथेच काढा, आणि मुलीला हाक मारा, तिला मधल्या फळीवर बसवू, तिथे पाणी उडत नाही.

काय म्हणते ती? वारा आहे, मला ऐकू नाही आलं. येऊ का म्हणते ना?

आता हे काय केलंत तुम्ही हातानं? गाडीत बस म्हणून सांगितलंत?

नाही. काही नाही. घाला चपला.

होडी नाही आज. जा तुम्ही.