दोन मिनिटांची गाणी

मुकुल : सत्त्याण्णव साल उजाडलं आई, आणि मिरजेच्या रेकॉर्डिंग स्टुडिओचे हे आप्पासो अजून जगातल्या प्रत्येक गाण्याचं भजन करतायत! ऐक. हा माझा आवाज आहे?

पद्मा : अगं बाई! म्हैस हंबरल्यासारखं वाटतंय रे.

जयराज : काकू, त्ये म्हनले, पोरं वाजवताना घाबरून पळत हुती, मी टेपच्या वेगाची कळ फिरवून समदं निवांत केलं. वर चा पाजला आमास्नी.

मुकुल : वर्षभर बोटं सोलून तो वेग आणलाय आम्ही! चाकाच्या फळीवर उभं राहून उतारावर सुटल्यासारखं वाटलं पाहिजे, आणि तरी चाल गुणगुणता आली पाहिजे. पुण्याच्या स्पर्धेला हे रडगाणं पाठवू? आमचा बेसवाला सुमंत आत्ताच याची दुसरी प्रत घेऊन पाचच्या गाडीसाठी बाहेर पडलाय.

पद्मा : मग उद्या वाजवा पुन्हा. परवा पाठवा.

मुकुल : स्पर्धेला वेळेत पोचणारी आजचीच शेवटची गाडी. आणि उद्या ड्रम कोण वाजवणार? विचार त्याला.

जयराज : उद्या बेळगावला हजर व्हायचंय, काकू. फौजंत भरती झालो. आबा भाईर जीपमधी बसल्यात.

मुकुल : आबांना घाबरतो, सरळ सांग ना.

जयराज : तोंड सांभाळ, गड्या. गणपतीत मंडळानं दुसऱ्याच गाण्याला लाईट तोडली, तवा तुजी गिटार मुकी झाली. मी वाजवतच हुतो. घाबरनारा न्हाई मी. आबास्नी शबुद दिलाय.

मुकुल : आणि आम्हाला? आम्हाला काही दिलं नव्हतंस?

पद्मा : पुरे! जयराज, आबा किती वेळ थांबतील?

जयराज : अर्धा तास म्हनले. फौजी हायत, एकतिसावं मिनिट न्हाई.

पद्मा : सुमंतला मागं बोलव. माझा टेपरेकॉर्डर आण, मुकुल.

मुकुल : कोरी कॅसेट कुठाय? दुपारची सगळी दुकानं बंद.

पद्मा : ही घे.

मुकुल : ही? आई, ही तुझी आकाशवाणीवरची आहे. लग्नाआधीची. दुसरी प्रत नाही हिची.

पद्मा : मला ठाऊक आहे कोण गातंय तीत. मागच्या खाचा मोडल्यात, त्यावर चिकटपट्टी लाव. म्हणजे रेकॉर्ड होईल.

जयराज : न्हाई, काकू. ह्ये नगं.

पद्मा : वर्षभर माझी दुपारची झोप उडवलीस तू. आता चाललायस तर एकदा धड वाजवून जा. आणि भरभर. म्हातारी ऐकतीये म्हणून सावकाश करशील तर बघ.

मुकुल : आई, विचार कर.

पद्मा : झाला करून. बटण मी दाबते.

(पंचवीस वर्षांनी. त्याच खोलीत पद्मा आणि जयराज.)

जयराज : सुभेदार हून आलो, काकू. आता पलूसला ऊस. डाव्या कानानं जरा कमी येतंय. गोळीबाराची किरपा.

पद्मा : मला वाटलं, माझ्या या खोलीची.

जयराज : सुमंत कुठं असतोय?

पद्मा : विट्याच्या मामानं नेला मदुराईला. सोनं गाळायचं दुकान आहे. फोनवर तमिळच बोलतो आधी. आणि मुकुल कुपवाडला बेअरिंगं करतो. गिटार माळ्यावर.

जयराज : पुण्यानं बोलावलं हुतं म्हनं आपल्याला.

पद्मा : हो. मुकुल म्हणाला, आमचा ड्रमर बेळगावला आहे. आणि फोन ठेवला.

जयराज : दुसरा मिळाला असता की.

पद्मा : शोधलाच नाही त्यानं.

जयराज : ...अन् आमच्यापायी तुमचं गानं पुसलं.

पद्मा : कुठलं पुसलं? तीन गाणी तुमची, दोन-दोन मिनिटांची. पुण्याहून परत आलेली ती बघ कॅसेट, लाव. तुम्ही थांबलात की मी सुरू होते.