मुरगूडचं दूध आणि दीप्तीचं मशीन

न्हाय हो ताई, ते भाजी गरम करायचं मायक्रोवेव्ह न्हवं — शेजारच्या धोंडुबाई पण कालच आमटीची वाटी घेऊन आलत्या, आमच्या दीप्तीला म्हणाल्या, घाल की गं जरा आत! आता ह्याला आत हायच कुठं? ही बघा, एवढीशी हिरवी पट्टी, वर तांब्याची कडी कोरलीया, आणि हे मोबाईलएवढं खोकं. लहरी त्याच मायक्रोवेव्हच्या, पण अगदी बारीक. भ्यायचं काही न्हाय, मी रोज पुसते की. कडीवर दुधाची नळी ठेवायची, पडद्यावर रेघ उमटती, त्या रेघेत एक खड्डा पडतो. दुधात पाणी असलं की खड्डा डावीकडं सरकतो. पाणी जास्त तर जास्त सरकतो. हे मला कसं कळतं? दीप्तीनं शिकवलंय, बारावीपर्यंतच शिकले तरी डावं-उजवं कळतं की मला! कॉलेजात तर ह्याच लहरींनी न कापता फळाच्या आतलं चित्र काढत्यात. तिची पीएचडीच हाय त्यातली. लग्नानंतर सोडणार न्हाय हं — हे आधीच सांगते, तुम्ही काय ते उत्तर द्यायला मुरगूडवरनं एवढं आलाय, तर लपवाछपवी नको.

आणि मशीन कधी चुकत न्हाय. उचगावातली सगळी दुधं तपासून झाली. आमच्या दूधवाल्यानं वाट बदलली, आता पलीकडच्या गल्लीतनं जातो. एकच नळी ठेवली, तर खड्डा जो निघाला डावीकडं — तुमचं सुद्धा, मागल्या खेपेला... म्हणजे तुम्ही पोरगी बघायला आलात न्हवं, घरच्या म्हशीचं दूध म्हणून कॅन आणलात — न्हाय, चांगलंच होतं की! दाट होतं. थोडंच सरकलं. एवढंसं. अहो, बसा ना, उठताय कुठं? तुम्ही घातलं असं कोण म्हणतंय? तुमच्या प्रसेनजीतनंच सांगितलं, बाबा कॅन विसळत्यात आणि ते पाणी टाकत न्हाईत, जिवावर येतं त्यांच्या, त्यातच धार काढत्यात. तीस वर्षं झाली, आईला पत्ता न्हाय, म्हणाला.

कधी सांगितलं? आता... फोनवर. दीप्तीला. रोज न्हाय हो! एकाआड एक. बरं, रोज. पण जेवण झाल्यावरच, आणि दार उघडं असतं. त्याच दिवशी पोरगी मला म्हणाली, आई, जो घरातलं पाणी लपवत न्हाय त्याच्याशीच मी लग्न करणार. मी म्हणलं, अगं हळू, त्यांचा होकार तर येऊ दे! ताई, खरं सांगू? दोन ठिकाणची माणसं हे मशीन बघूनच परत गेली. पोरगी सगळंच तपासती म्हणाले. ह्या खेपेला मी मशीन कपाटात ठेवणार होते. तेवढ्यात तुम्हीच दारात.

काय? आजचा कॅन तपासा म्हणताय? नको हो. अहो ताई, तुमचा शब्द हाय की — आज मालकांना हात लावू दिला न्हाय? स्वतः भरला? असं म्हणताय... दीप्ती, ये गं जरा. थेंबभरच घे. ठेव नळी. ताई, तुम्ही हितं खुर्ची ओढा, चष्मा लावा. ही रेघ. हा खड्डा. आता बघा —

दीप्ती, तोंडावर ओढणी का घेतलीस? बोल की.

सरकला व्हय.

मालकांनी रिकामा कॅन विसळून आणून दिलता तुम्हाला? हां... तसंच झालं असणार. अहो, डोळं पुसू नका, हसताय का रडताय तेच कळंना मला! दीप्ती, ते मशीन बंद कर. बिघडलंय ते. आत ने म्हणते ना! आणि जाता जाता गॅस पेटव — विहीणबाईंना ह्याच दुधाचा चहा करायचाय.