ठिपका म्हणजे जोड

चहा घ्या, पण हसायचं नाही. मी आयटीआयमध्ये इतकी वर्षं पोरांना गाडीचं वायरिंग शिकवून राहिलो. डायग्राममध्ये दोन रेघा नुसत्या एकमेकींवरून गेल्या तर वायरी वेगळ्या, तिथं ठिपका असला तर जोडलेल्या. हे मी झोपेतही सांगीन.

तर दिवाळीआधी माझ्याच गाडीचं वायरिंग, गाडीसोबत आलेल्या पुस्तकातला डायग्राम पाहून, नवं केलं. अधारतालच्या रस्त्यावर पहिला ब्रेक दाबला, तर हॉर्नच बोंबलला! पुढचा स्कूटरवाला वळून ओरडला, "भैया, रुक रहे हो कि डाँट रहे हो?"

गोहलपुरातल्या ओळखीच्या मिस्त्रीला पुस्तक दाखवलं. म्हटलं, "देखो, ब्रेक और हॉर्न की लाइन पर डॉट है. छापनेवाले की गलती."

त्यानं नखानं खरवडलं. ठिपका निघूनच आला! बोट हुंगून म्हणाला, "सरजी, ये तो कुमकुम है."

घरी येऊन बायकोला विचारलं, "पुस्तकाला कुंकू काहून लावलं?"

"दसऱ्याला तुम्हीच म्हणाले ना, गाडीच्या पुस्तकाचीही पूजा कर? मग जिथं दोन रेघा भेटून राहिल्या होत्या, बरोब्बर तिथंच लावलं."