दिव्याची तार मीच कापली

नाव : डेस्मंड अटली. वय : ६८ वर्षे. धंदा : हवाई दलातून निवृत्त फिटर, सध्या लहान विमानांचा बिनपगारी तपासनीस. राहणार : चॅपल लेन, स्कार्थबी, लिंकनशायर, इंग्लंड.

समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी मॉरीन हिच्यासह राहतो. गावाबाहेर आमच्या क्लबची गवताची धावपट्टी आहे. सभासदाला आपल्या विमानात काही बदल करायचा असेल, तर तपासनिसाने आधी कागदावर सही करायची, कागद लहान विमानांच्या देशभरच्या संघटनेकडे जायचा आणि तिकडून मंजुरी आली की मगच उडायचं, असा नियम आहे. हे काम मी एकोणीस वर्षं करतो. मॉरीन अकरा वर्षं धावपट्टीच्या कडेच्या खोपटात, उतरणाऱ्या विमानांना सूचना द्यायला, रेडिओवर बसत होती. 'होती' असंच लिहा.

तक्रारदार निगेल प्रॉक्टर हा दातांचा डॉक्टर. त्याचं दोन माणसांचं विमान आहे. उतरताना लांबून दिसावं म्हणून लावायचा जुना दिवा काढून त्याने मार्चमध्ये एलईडी बसवला. अर्जाच्या कागदावर आठवी ओळ अशी आहे : दिवा लावून रेडिओ नीट ऐकू येतो का, हे स्वतः तपासले. काही एलईडी रेडिओत खरखर करतात, म्हणून ही ओळ. त्या दिवशी पाऊस होता. निगेल म्हणाला, "डेस, मी कालच ऐकलंय, एकदम खणखणीत येतंय. कर सही, तुझं बेकन सँडविच गार होतंय." मी सही केली. एप्रिलमध्ये मंजुरी आली.

१४ मे रोजी सकाळी सव्वादहाला निगेल दिवा लावून उतरत होता. शेजारच्या शेताची मालकीण जोन ब्लँचर्ड त्याच वेळी ट्रॅक्टर घेऊन धावपट्टी ओलांडत होती आणि ट्रॅक्टर मधोमध बंद पडला. निगेल खाली येतच राहिला. अगदी शेवटी त्याला ट्रॅक्टर दिसला आणि त्याने विमान वर उचललं. चाकं जोनच्या डोक्यावरून हातभर अंतराने गेली. जोन बांधावर बसून ओकली.

उतरल्यावर निगेल सगळ्यांसमोर मॉरीनवर ओरडला, "झोपली होतीस का गं? रेडिओवर चकार शब्द नाही!"

मॉरीन म्हणाली, "तीनदा सांगितलं, निगेल. उतरू नकोस, ट्रॅक्टर आहे, असं तीनदा."

"चहाच्या किटलीला सांगितलं असशील," तो म्हणाला. लोक हसले. मी हसलो की नाही, ते आठवत नाही.

२० मेच्या बैठकीत मॉरीनला रेडिओवरून काढायचं ठरलं. सहा हात वर झाले, त्यात एक माझा. घरी आल्यावर तिने खोपटाची किल्ली टेबलावर ठेवली. "मला एकदा विचारलं तरी असतंस रे," एवढंच म्हणाली. त्यानंतर ती धावपट्टीकडे फिरकलेली नाही.

काल, ६ जून रोजी, सकाळी नऊला मी निगेलच्या विमानाच्या वार्षिक तपासणीला गेलो. मॉरीनच्या जागी आता बॅरी बसतो. त्याला रेडिओवर आकडे मोजायला सांगितले आणि दिवा लावला. बॅरी गायब. दिवा बंद केला, बॅरी आला. परत लावला, परत गेला. असं मी सात वेळा केलं. मार्चमध्ये एकदा केलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

साडेनऊला निगेल एका पाहुणीला फिरवायला घेऊन आला. मी म्हणालो, "हा दिवा लावला की तू बहिरा होतोस. आज उडायचं नाही. आणि आधी घरी चल, मॉरीनची माफी माग."

तो म्हणाला, "मंजुरी आहे माझ्याकडे. आठव्या ओळीवर सही कुणाची आहे? जा, सांग जगाला, हा तपासनीस न ऐकताच सह्या ठोकतो. घालव एकोणीस वर्षांची अब्रू."

"घालवतो," मी म्हणालो.

"म्हातारचळ लागलाय तुला. हो बाजूला," असं म्हणून तो पाहुणीला आत बसवू लागला. मी खिशातल्या पकडीने तार कापली, दिवा उखडला आणि पावसाच्या पाण्याच्या पिंपात टाकला. त्याने माझी कॉलर धरली. मी त्याला शिव्या दिल्या. लिहून घ्यायच्या असतील तर सांगतो, एकही विसरलेलो नाही.

नुकसान मीच केलं. त्याचा मला काडीचा पश्चात्ताप नाही. आठव्या ओळीवरची माझी सही खोटी आहे, माझा तपासनिसाचा शिक्का काढून घ्या, असं पत्र मी आज सकाळी संघटनेला टाकलं. मॉरीनला अजून काही सांगितलेलं नाही. तिच्यासमोर उभं राहायला तोंड नाही. तिने तीनदा सांगितलं होतं, हे सरकारी कागदावर स्पष्ट यावं आणि या जबाबाची एक प्रत मला मिळावी. ती मला तिच्या हातात द्यायची आहे.

कॉन्स्टेबल स्केल्टन बाईंनी हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे, एक वाक्य सोडून. किटलीच्या वेळी मी हसलो की नाही ते आठवत नाही, असं वर आलं आहे. त्या जागी 'मी हसलो' असं वाचावं. तशी नोंद इथे झाली, मग सही केली.