पुढच्या शॉकअपचे सील

पंक्चर काढून होईपर्यंत मी गॅरेजच्या बाकावर बसलो होतो. शेजारी एक बाई मांडीवर हेल्मेट घेऊन बसल्या होत्या. दोन हात अंतरावर त्यांचा नवरा मेकॅनिकशी कुजबुजत होता.

“साहेब, पुढच्या शॉकअपचे दोन्ही सील गेलेत. ऑइल सगळं बाहेर आलंय. ब्रेक मारला की गाडी पुढे डुबकी मारत असेल.”

“मारते ना. पण बदलायलाच पाहिजेत का?”

“ऑइल डिस्कवर उतरलं की ब्रेक लागणार नाही.”

“मग एकच बदला.”

“एका पायात बूट घालून ऑफिसला जाता का तुम्ही?”

“हळू बोला हो. दोन महिने आमचं बोलणं बंद आहे. मागे बसते तीसुद्धा मध्ये पर्स ठेवून. पण गाडीने डुबकी मारली की मला धरते.”

“अच्छा.”

“वाटेत अकरा स्पीडब्रेकर लागतात.”

“तुमच्या रस्त्याला तर दोनच आहेत.”

“म्हणून लांबून जातो.”

“साहेब, वहिनी धरतील, पण गाडी थांबणार नाही. मागे त्याच बसतात ना?”

बाकावरून आवाज आला.

“भाऊ, त्यांना सांगा, मी सपाट रस्त्यावरपण धरते. जॅकेट जाड आहे, त्यांना कळत नाही.”

“साहेब, वहिनी म्हणतायत...”

“ऐकलं मी. दोन्ही बदला.”